वाकडा पेला

गुरुवार, ९ एप्रिल

शेजारच्या काच कारखान्याची भट्टी विझली. सकाळी बघितलं तर धुराडं कोरडं. आता या रस्त्यावर धूर निघतो तो फक्त आमचा.

आमचे उस्ताद बाहेर येऊन त्या धुराड्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग आत गेले आणि आमच्या भट्टीत दोन फावडी कोळसा जास्त टाकला. मी म्हटलं, जपून वापरायचं ठरलंय ना?

"भिंगरी, शेजारी मयत झाली की माणूस आपलं पोर जवळ ओढतो. तसं समज."

मला इथं सगळे भिंगरीच म्हणतात. एका जागी बसवत नाही म्हणून. तीन वर्षांत कितीदा पिशवी भरली आणि परत खुंटीला टांगली, माझं मलाच माहीत. साथ आली आणि बस बंद झाल्या. आता पिशवी भरली तरी जायचं कुठं?

शनिवार, ११ एप्रिल

आईचा फोन. बाबांचं काम सुटलंय. ते ज्या हॉटेलात पहारा करायचे त्याला कुलूप लागलं. हे तिनं शेवटी सांगितलं, फोन ठेवता ठेवता.

त्याआधी म्हणाली, "अरे, गिऱ्हाईक नाही, माल जात नाही, मग आग कशाला पेटती ठेवता? सरपण फुकट येतं का तुमच्यात?"

तिला समजावून सांगितलं. भट्टीच्या पोटात मूस असते. मातीचं मोठं मडकं, माझ्या छातीएवढं. त्यात काच वितळून असते, कायम. आग गेली की मूस तडकते आणि आतली काच दगड होते. मग सगळंच नवीन बांधायचं. आणि मालकांनी साफ सांगितलंय — विझली तर मी पुन्हा बांधणार नाही, जागा विकून मोकळा होईन. म्हणून आम्ही तिला मंद ठेवतो. काम नाही, नुसती जागती ठेवायची. आजारी माणसाच्या उशाशी बसतात तसं.

मग तिला पहिल्या वस्तूचं सांगितलं. आमच्यात ज्याला काच फुगवायची फुंकणी मिळते, त्यानं फुंकलेली पहिली वस्तू स्वतःच्या हातानं परत मुशीत टाकायची. ती मुशीची. मूस कधी पूर्ण रिकामी होत नाही, म्हणून उस्तादांची पहिली बाटली अजून तिच्यात आहे, माझ्याबरोबरच्या पिपाणीची बरणी आहे, मेलेल्या लोकांच्याही वस्तू आहेत. म्हणजे इथून गेलेल्या प्रत्येक पेल्यात थोडे थोडे सगळेच.

आई मग म्हणाली, "तुझी कधी?"

उस्ताद सांगतील तेव्हा.

शुक्रवार, १७ एप्रिल

खोकी बनवणाऱ्यानं दुकान बंद केलं. पॅकिंगचं गवत आणून द्यायचा तो म्हातारा येत नाही. कोपऱ्यावरचा चहावाला स्वतःच दुसऱ्याच्या दारात उभा असतो. एका आगीवर किती चुली चालतात ते आग मंद झाल्यावर कळलं.

गोदामात पेले छतापर्यंत. हॉटेलं बंद, तर प्यायचं कोण आणि फोडायचं कोण! पिपाणी म्हणतो, "लोकांच्या हातून पेले पडत होते म्हणून आपलं पोट भरत होतं. आता सगळे शहाणे झाले."

पिपाणी म्हणजे माझ्या खोलीतला. फुंकून फुंकून गाल लोंबतात त्याचे. बोलतोही तसाच, थांबत नाही. बायको गावाला आहे, दिवस भरत आलेत.

गुरुवार, २३ एप्रिल

कोळसा संपला. आता लाकूड.

शनिवार, २ मे

कामगार कचेरीतून कारकून आला. तोंडावर फडकं, हातात फाइल. आम्ही चौघं रांगेत उभे राहिलो. उस्ताद, पिपाणी, पॅकिंगवाली मावशी आणि मी. एवढेच उरलोय. बाकीचे पहिल्याच आठवड्यात पायी निघून गेले.

मावशीनं आदल्या दिवशीच लुगडं धुऊन ठेवलं होतं. सरकार मदत देणार म्हणून.

कारकून आत आलाच नाही. रस्त्यातूनच वर बघितलं. "धूर निघतोय की. म्हणजे कारखाना चालू. मदत बंद कारखान्याच्या कामगारांना आहे."

पिपाणी म्हणाला, "साहेब, धूर निघतोय, पगार नाही निघत."

"ते मी कसं बघू? मला वरून धूर बघायला सांगितलाय."

उस्तादांनी विचारलं, मग विझवली तर? कारकून जरा वरमला. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "मुद्दाम विझवलेली चालत नाही, बाबा. मदतीसाठी लोक चालू कारखाने बंद करायला लागले, म्हणून नवा नियम आलाय. आपोआप बंद पडली पाहिजे. आणि कुणाच्या हलगर्जीपणानं पडली तर त्या माणसाचं नाव कटतं. बाकीच्यांना मिळतं."

तो गेल्यावर पिपाणी म्हणाला, "जगलात तर नाही, मेलात तर देऊ, पण जीव दिलात तर नाही." आम्ही हसलो. मावशी हसली नाही.

बुधवार, ६ मे

आज खोकी जाळली. नवी कोरी खोकी. चांगली पेटतात.

रविवार, १० मे

शेजारच्या कारखान्यातल्या लोकांना मदत मिळाली. त्यांची भट्टी वेळेवर मेली म्हणायची. त्यांच्यातला एकजण आमच्या कुंपणाशी येऊन बिडी देऊन गेला. पूर्वी तोच आमच्याकडून मागून न्यायचा. घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात. इथं वासेच आधी भट्टीत गेले.

शुक्रवार, १५ मे

पिपाणीला मुलगी झाली. फोनवर रडणं ऐकवलं बायकोनं. पिपाणी दिवसभर तेच सांगत होता — आवाज बघ काय आहे, फुंकणीवर घालतो तिला! संध्याकाळी गप्प झाला. बायकोला दूध उतरत नाही. वरचं दूध आणायला घरात काही नाही. त्यानं उस्तादांना हे सांगितलं नाही, मला सांगितलं. पण उस्ताद पलीकडं राख ओढत होते. त्यांनी ऐकलं असेल.

गुरुवार, २१ मे

मावशीचं टेबल जाळलं.

लाकूड संपलंय. कुंपण गेलं, बाक गेले, आता पॅकिंगचं टेबल. मावशी त्या टेबलाशी अर्धं आयुष्य उभी राहिली. पोटाच्या उंचीला एक खळगा पडलाय लाकडाला, तिथं ती टेकायची. उस्तादांनी तिलाच विचारलं आधी. म्हणाली, "तुमचंच आहे, मला काय विचारता." मग कुऱ्हाड मी चालवली. खळग्याचा तुकडा तिनं मागून घेतला. मला वाटलं, आठवण म्हणून. तर म्हणाली, "माझ्या चुलीला लागेल."

सोमवार, २५ मे

आज जे झालं ते लिहू की नको कळत नाही.

मावशी सकाळी आली, बरोबर दोन्ही पोरं. भट्टीसमोर बसवली त्यांना. कधी आणत नाही ती पोरांना. धाकट्याचे हात म्हणजे नुसत्या काड्या.

उस्ताद भट्टीत लाकूड टाकत होते. मावशी आवाज न चढवता म्हणाली, "उस्ताद, तुम्ही हिला दिवसातून किती वेळा भरवता?"

उस्ताद थांबले.

"मी यांना एकदा भरवते. परवापासून तेही नाही. ही मेली असती तर माझी पोरं जेवली असती. मी तिचं वाईट चिंतत नाही. तिच्यावरच आजवर खाल्लं. पण हे बघा, मी पोरं आणलीत, एकदा बघून घ्या. ती मोठी का ही, तुम्ही सांगा. तुम्ही सांगाल ते मी ऐकेन."

उस्ताद हातातलं लाकूड तसंच धरून राहिले. शेवटी मी ते घेतलं आणि टाकलं. चटका बसत होता त्यांना, तरी सोडत नव्हते.

पोरं गरम वाटतंय म्हणून खूश होती.

मंगळवार, २६ मे

उस्ताद जेवले नाहीत. त्यांचा भात मावशीकडे पोचवायला मला पाठवलं.

त्यांना घर नाही, म्हणजे होतं, बायको गेल्यावर सुटलं. कारखान्यातच मागच्या खोलीत राहतात. बायको आजारी होती तेव्हाही ते पाळी सोडून गेले नाहीत, असं पिपाणी सांगतो. भट्टी नवी होती आणि दुसऱ्या कुणाचा भरवसा नव्हता. पोचले तेव्हा सगळं आटपलं होतं. खरंखोटं देव जाणे. त्यांना विचारायची माझी छाती नाही.

शुक्रवार, २९ मे

आज मी फुंकलं! मी! फुंकणी माझ्या हातात!

सकाळी उस्ताद आले आणि म्हणाले, उरलेलं सगळं लाकूड आण. सगळं? म्हणाले, सगळं. गोदामाचं दारही काढ. मला वाटलं, डोकं फिरलं यांचं. पण त्यांच्यापुढं बोलतो कोण. टाकत गेलो, टाकत गेलो, दुपारपर्यंत भट्टी पूर्वीसारखी गुरगुरायला लागली. किती दिवसांनी तो आवाज! पिपाणी पळत आला, मावशी आली, सगळे घामाघूम आणि उगाच हसतोय.

उस्तादांनी मुशीत बघितलं. "जागी झाली." मग फुंकणी माझ्यापुढं धरली. "ये भिंगरी. पिशवी भरायच्या आत शिकून घे."

माझे हात त्यांनी मागून धरले. काच उचलली, फिरवत बाहेर आणली, केवढी जड, मधासारखी ओघळते. "फिरव. थांबू नकोस. जन्मभर फिरतोयस, आज कामाला येईल." मग म्हणाले, फुंक. जोरात नाही. बाळाच्या डोळ्यात गेलेलं कुसळ काढतात तसं.

गोळा फुगला. मला रडू आलं आणि फुंकणं बिघडलं, म्हणून पेला एका बाजूला कलला. तोंड तिरकं, बूड जाड. जगातला सगळ्यात वाकडा पेला.

मी तो फुंकणीसकट मुशीकडे नेला, परत टाकायला. रीत आहे. उस्तादांनी हात आडवा घातला.

"नको. ठेव तुझ्याकडे."

"पण उस्ताद, पहिली वस्तू—"

"ठेव म्हटलं ना."

पिपाणी म्हणाला, "एवढा वाकडा आहे की मूससुद्धा घेईना." सगळे पोट धरून हसले. उस्तादसुद्धा हसले. त्यांनी पेला गरम राखेत पुरला, हळूहळू गार व्हावा म्हणून, आणि वरून राख थोपटली. किती वेळ थोपटत बसले होते.

शनिवार, ३० मे

माझ्या हातून भट्टी गेली.

माझ्या हातून.

दुपारची पाळी उस्तादांची होती. म्हणाले, आज तू घे, मला बरं वाटत नाही. मी राख ओढली. राख ओढताना धुराड्याची झडप उघडावी लागते, नाहीतर धूर तोंडावर येतो. ओढून झाली की झडप लावायची, मग राखेचं दार लावायचं. रोजचं काम, डोळे मिटून करतो. मग बसलो. काल दिवसभर कुऱ्हाड चालवलेली, अंग आंबलेलं. टेकलो आणि डोळा लागला.

मावशीनं हलवून उठवलं. उन्हं कलली होती. झडप सताड उघडी. राखेचं दार उघडं. सगळी ऊब धुराड्यातून निघून गेलेली, आणि खालून गार वारा आत खेचला जातोय, त्याचा आवाज येतोय शिट्टीसारखा. पेटवायला एक काडी नाही — कालच सगळं लाकूड टाकलं.

मी झडप लावली होती. लावली होती ना? आठवतंय असं वाटतं आणि मग वाटतं, ते कालचं आठवतंय.

तेवढ्यात आतून आवाज आला. मोठा नाही. कपाळावर खडा बसावा तसा. टक्क.

मूस.

उस्ताद बाहेर नळावर हात धूत होते. मी धावत गेलो, पाया पडलो. ते धावले नाहीत. हात पुसले. आत आले, भट्टीच्या विटेवर तळहात ठेवला, जशी ताप आलेल्याच्या कपाळावर ठेवतात. म्हणाले, "झालं."

सकाळीच राखेतून पेला काढून दिला होता त्यांनी. तो खिशात होता माझ्या, तेव्हाही.

रविवार, ३१ मे

मालक गाडीतून आले. काच खाली केली, उतरले नाहीत.

"कुणाची पाळी होती?"

मी पाऊल पुढं टाकलं. तेवढ्यात उस्ताद म्हणाले, "माझी. डोळा लागला."

मी बोलणार तर माझं मनगट असं दाबलं की कळ मस्तकात गेली.

मालक त्यांना नेहमी अहो-जाहो करायचे. त्यांच्या वडिलांच्या वेळचा माणूस. आज म्हणाले, "तू? तुझा डोळा लागला? म्हातारा झालास तर सांगायचं होतंस. बापानं उभं केलेलं तू झोपेत घालवलंस." आणि काच वर केली.

उस्ताद मान खाली घालून उभे. गाडी गेल्यावरही तसेच.

मी म्हटलं, "उस्ताद, मी सांगतो त्यांना. चूक माझी आहे. तुमचं नाव कटेल मदतीतून."

"गप्प बस, भिंगरी."

"पण मी—"

"मोठ्या माणसाचं एकदा तरी ऐक."

मंगळवार, २ जून

कारकून आला. धूर नव्हता. आता मात्र आत आला. त्यानंही विटेवर हात ठेवला. लिहून घेतलं. पिपाणी, मावशी, मी. उस्तादांच्या नावावर आडवी रेघ मारली. मी तिथंच उभा होतो. बाबा घरी बसलेत, आई फोन ठेवता ठेवता सांगते, हे सगळं डोळ्यापुढं आलं. मी बोललो नाही.

शुक्रवार, ५ जून

अजून आवाज येतात आतून. टक्क. टक्क. काच आकसतेय. पिपाणी उठून बाहेर जातो.

सोमवार, ८ जून

मदत मिळाली. मावशी पोरांना घेऊन आली, दोघांच्या तोंडाला कसलंसं गोड लागलेलं. तिनं उस्तादांपुढं वाटीभर भात ठेवला आणि त्यांच्या पायावर डोकं टेकलं. उस्ताद म्हणाले, "ऊठ, ऊठ. झोपलेल्या माणसाच्या कुणी पाया पडतं का?"

पिपाणी गावी निघाला. जाताना मला मिठी मारली आणि कानात म्हणाला, "तुझीच पाळी होती ना? मी बघितलं होतं तुला बसलेलं. मनाला लावून घेऊ नको. माझ्या पोरीला दूध मिळालं." लाथ मारली असती तर कमी लागलं असतं.

गुरुवार, ११ जून

बस सुरू झाल्या. मी ज्यासाठी तीन वर्षं तडफडत होतो ती पिशवी आज भरली आणि पाय उचलेना.

मजूर आले होते, भट्टी फोडायला. मूस फुटली तशी आतून काचेचा एकच गोळा निघाला, हिरवट, एका माणसाला न उचलणारा. त्यात उस्तादांची बाटली, पिपाणीची बरणी, कुणाकुणाचं काय काय. मुकादम म्हणाला, भंगारात घाला. उस्ताद त्याच्यावर हात ठेवून बसले होते. मी माझ्या मदतीतलं अर्धं त्यांच्या उशाखाली ठेवलं होतं, ते त्यांनी परत माझ्या पिशवीत कोंबलं.

"कुठं जाणार उस्ताद तुम्ही?"

"बघू. आगीजवळच कुठंतरी. दुसरं काय येतंय मला."

"मला माफ करा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. काहीतरी बोलणार होते. मग माझी कॉलर नीट केली आणि म्हणाले, "पेला घेतलास ना? कपड्यात गुंडाळ. काच आहे."

रविवार, १४ जून

घरी आलो. बाबा निम्मे झालेत. आई माझ्या तोंडावरून हात फिरवत राहिली आणि म्हणाली, तूच वाळलायस. कुणालाच खरं सांगितलं नाही. कारखाना बंद पडला, एवढंच. उस्तादांचा फोन लागत नाही.

सोमवार, १५ जून

झोपेत ओरडलो म्हणे. झडप, झडप असं.

मंगळवार, १६ जून

आईनं त्याच वाकड्या पेल्यातून पाणी दिलं. तिरक्या तोंडानं निम्मं माझ्या अंगावर सांडलं, तर ती हसली. मग म्हणाली, "तू सांगितलं होतंस, पहिली वस्तू मुशीला परत द्यायची असते. मग ही कशी आली घरी?"

मी सांगायला लागलो, उस्ताद म्हणाले, ठेव.

आणि तिथंच थांबलो.

शुक्रवारी म्हणाले होते ते. भट्टी शनिवारी विझली.

परत द्यायला मूस राहणार नाही, हे त्यांना शुक्रवारीच ठाऊक होतं.

मी झडप लावली होती.